रात्री नुसता भडक रंग पुरत नाही

महोदय,

सायकलस्वारांनी व पादचाऱ्यांनी ठळक दिसणारे कपडे वापरावेत, असे नेहमी सांगितले जाते. मात्र ते नेमके केव्हा उपयोगी पडतात, हे क्वचितच समजावले जाते. चमकदार पिवळसर-हिरवे जाकीट सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषून ते दृश्य प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकते, म्हणून ते दिवसा, विशेषतः ढगाळ हवेत, उठून दिसते. रात्री वाहनांच्या दिव्यांत हे किरण जवळजवळ नसल्याने तो गुण उरत नाही. तेव्हा कामी येते ती परावर्तक पट्टी, जी हेडलाइटचा प्रकाश आला त्याच दिशेने, म्हणजे चालकाकडेच, परत पाठवते. पट्टी नसलेले भडक जाकीट घालून अंधारात निर्धास्तपणे निघालेली माणसे पाहिली की मला खरोखर काळजी वाटते.

घोट्यांवर आणि गुडघ्यांवर बांधलेल्या पट्ट्या चालताना वा पॅडल मारताना हलत राहतात, त्यामुळे समोर माणूस आहे, हे चालकाला लवकर उमगते. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते, हे लक्षात घेतल्यास असा वाचलेला एक सेकंदही मोलाचा ठरतो. पाठीवरच्या पिशवीने झाकलेली किंवा मळलेली पट्टी मात्र निरुपयोगी असते.

तथापि, अपघातानंतर जखमी व्यक्तीच्या कपड्यांकडे बोट दाखवणे मला अन्यायाचे वाटते. दिव्यांच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात वाहन थांबवता येईल असा वेग ठेवणे ही चालकाचीच जबाबदारी आहे.

— एक सायकलस्वार वाचक