ड्रीम रनला पहिल्यांदा येणाऱ्या सभासदांसाठी आठवण

मंडळी, मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी आहे. बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद, शर्यतीच्या सकाळी मिळत नाही. आधी एक्स्पोला, म्हणजे शर्यतीआधी भरणाऱ्या प्रदर्शनाला जाऊन, ओळखपत्र दाखवून घ्यायचा. शेवटच्या संध्याकाळवर ठेवू नका.

ड्रीम रन ही याच मॅरेथॉनमधली छोटी दौड, साधारण ६ किलोमीटरची, सीएसएमटीपासून. तिथे वेळेची चढाओढ नसते. गेल्या वर्षी माझी पहिलीच शर्यत होती. गर्दीमुळे सुरुवातीला बराच वेळ चालावंच लागलं, मी हिरमुसले. मग शेजारून आपल्या संस्थेचा फलक धरून एक आजी निघाल्या, बाजूला व्हीलचेअरवरची मुलं टाळ्या वाजवत होती, आणि आपण इथे कशासाठी आलोय ते लख्ख कळलं. नवे बूट मात्र त्याच दिवशी घातले होते. टाचेचा फोड आठवडाभर पुरला. वापरातलेच बूट घाला.

निधीचं काम अजून मागे आहे. ही मॅरेथॉन २००४ पासून होते आणि तिच्यातून संस्थांसाठी देणग्या युनायटेड वे मुंबई या सेवाभावी संस्थेमार्फत गोळा होतात. नुसती लिंक पाठवून भागत नाही, मावशी-काकांना फोन करा. मला बहुतेक देणग्या फोनवरच मिळाल्या.

रविवारी सकाळी ६ वाजता शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सराव आहे. पाण्याची बाटली आणा.