चिनी पुड्या आणि काकांच्या गोळ्या

नौपाडा, ठाणे
रविवार, सकाळ

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल मिळाले. काकांच्या कंपवातावर वाशीच्या एका दुकानदाराने चिनी वनौषधींच्या पुड्या दिल्या असून सध्याच्या गोळ्या सोडायला सांगितल्या आहेत, हे वाचून राहवले नाही. पुड्यांचे नंतर पाहू. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय अर्ध्यानेही कमी करू नका. त्या गोळ्यांतले औषध म्हणजे लेव्होडोपा; ती एकाएकी थांबवली तर अंग लाकडासारखे ताठरते, ताप चढतो, भ्रमही होतो.

चिनी वैद्यक थोतांड आहे, असे मी म्हणत नाही. त्यांच्या मते हा कंप यकृतातून उठलेल्या 'वाऱ्या'चा. आपणही वातच म्हणतो, गंमत आहे. तो शमवण्यासाठी ते गाउतंग नावाच्या आकडेदार काट्यांच्या वेलीचा आणि त्येनमा या कंदाचा काढा देतात. परंतु चीनमधील चाचण्यांतही असे काढे बहुधा लेव्होडोपाच्या जोडीला दिलेले असतात, आणि त्या चाचण्या इतक्या लहान आहेत की त्यांवर काकांना सोपवावे असे मला वाटत नाही.

वनस्पतीत औषध नसते असे नाही, उलट असते म्हणूनच भीती. आपल्या खाजकुइलीच्या बियांतून मद्रासच्या शास्त्रज्ञांनी १९३७ साली लेव्होडोपाच वेगळी काढली होती. हे ठाऊक नसताना, कुणाच्या तरी सांगण्यावरून, आम्ही आमच्या अण्णांना, त्यांनाही हाच कंपवात, गोळ्यांबरोबर कवचबीजाचे, म्हणजे खाजकुइलीच्याच बियांचे, चूर्ण दुधातून देत राहिलो. आठव्या दिवशी संध्याकाळी ते खुर्चीत बसले होते; मान आपोआप डोलत होती, डावा पाय नागमोडी वळत होता, आणि ते स्वतः ओशाळून हसत, "अरे, हे मी करत नाहीये," म्हणत होते. डॉक्टरांनी चूर्णाचा डबा पाहिला आणि एकच औषध दोन वाटांनी पोटात जात असल्याचे सांगितले. चूर्ण बंद केल्यावर ते डोलणे-वळणे थांबले.

त्या डब्यावर निदान नाव तरी होते. तुझ्या पुड्यांवर काहीच नाही, याचीच मला अधिक धास्ती वाटते. काही चिनी वनौषधींतील ॲरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडे कायमची निकामी होतात. दुकानदाराकडून घटकांची नावे लिहून घे; तो टाळाटाळ करू लागला तर पुड्या उघडूच नकोस.

दुपारी गोळी लागू पडत नाही, असे तू लिहिलेस. ती वरणभाताबरोबर जाते का? डाळीतली प्रथिने तिचे शोषण अडवतात. जेवणाआधी अर्धा तास देता येईल का, हे डॉक्टरांना विचार. अण्णांना त्याने पुष्कळ फरक पडला. गेल्या आठवड्यात त्यांनी पासबुकाच्या अर्जावर सही केली; शेवटची अक्षरे मुंगीएवढी झाली होती, तरी बँकेने ती मान्य केली.

गुरुवारी मी वाशीला येतो. पुड्या आणि काकांची फाईल, दोन्ही काढून ठेव.

काकूंना नमस्कार.

तुझा,
मोहन