कचाची विद्या आणि दगड होणारा मुलगा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं आणि त्यातल्या एका वाक्याशी मी अडलो. 'सगळ्या भाषा समजतात एवढीच ज्याची शक्ती, त्याला सुपरहीरोंनी सोबत घ्यायचंच कशाला?' दोन दिवस ते डोक्यातून जाईना, म्हणून हे लांबलचक उत्तर.

तो सायफर, म्हणजे डग रॅम्झी, मला फार जवळचा आहे. १९८४ साली तो 'न्यू म्यूटंट्स' या मार्व्हलच्या कॉमिकमध्ये आला, जन्मतःच काही शक्ती असलेल्या 'म्यूटंट' पोरांच्या गोष्टींत. त्याच्या सोबत्यांपैकी एक तोफेच्या गोळ्यासारखा उडायचा, एक लांडगी व्हायची. हा बिचारा नुसता भाषांतर करायचा. मारामारी सुरू झाली की याला कुठे उभं करायचं हा प्रश्नच. १९८८मध्ये मैत्रिणीवर झाडलेली गोळी त्याने स्वतःच्या अंगावर घेतली आणि गेला. त्या क्षणी त्याची शक्ती काहीच कामाची नव्हती, आणि मला तो सगळ्यांत मोठा वाटला तो तिथेच. पुढे त्याला परत आणलं गेलं. मग लेखकांनी 'भाषा' या शब्दाचाच नीट विचार केला. समोरच्याची देहबोली हीही भाषा, संगणकाची आज्ञावली हीही भाषा. २०१९च्या कथांत म्यूटंट लोक क्राकोआ नावाच्या जिवंत बेटावर आपलं राष्ट्र उभारतात, आणि त्या बेटाशी बोलायला येतं ते डगला. तो नसता तर ते राष्ट्र उभंच राहिलं नसतं. शक्ती तीच होती रे. तिला विचारायचा प्रश्न बदलला.

तू उपयोग मोजतोस तो मारामारीत. या कथा प्रामुख्याने मारामारीच्याच, त्यामुळे तुझं मोजमाप अगदी चूक आहे असंही नाही. पण मग डीसी कॉमिक्समध्ये १९६३ साली आलेल्या त्या बदली वीरांचं काय करायचं? तिसाव्या शतकातल्या मोठ्या वीरांच्या संघाने नाकारलेली ही पोरं. एकीच्या अंगात अफाट बळ, पण उजेड पडला की ते संपलं. एकाला झाडं भराभर वाढवता येतात. आणि एक दगड होतो. दगड झाल्यावर त्याला हलताही येत नाही. पण त्याच्या ग्रहावर सहा-सहा महिन्यांची रात्र असते आणि ती काढायला तिथली माणसं दगड होऊन झोपतात. म्हणजे घरी जी गोष्ट जगण्यासाठी लागते, ती परक्या ठिकाणी हसण्यावारी गेली. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

तशीच गत त्याच कथांतल्या, बिस्मोल ग्रहावरच्या टेन्झिल केमची. तो काहीही खाऊ शकतो, लोखंड, दगड, काहीही. त्याच्या ग्रहावरचं अन्न सूक्ष्मजीवांमुळे विषारी झालं, म्हणून तिथल्या लोकांच्या अंगी हे आलं. आपण त्याला हसतो, पण त्यामागे उपाशी पडलेला एक अख्खा ग्रह आहे.

आता खरा मुद्दा. मला या सगळ्यांत कच आठवतो. आदिपर्वातला. संजीवनी विद्येसाठी तो शुक्राचार्यांकडे राहिला, दैत्यांनी त्याला पुन्हा पुन्हा मारलं. शेवटी तर जाळून, राख मद्यात कालवून ती गुरूलाच पाजली. गुरूच्या पोटात असताना त्याला विद्या मिळाली, पोट फाडून तो बाहेर आला आणि त्याच विद्येने त्याने गुरूला उठवलं. एवढं सोसून मिळवलेली विद्या, आणि देवयानीचा शाप काय? ती तुला फळणार नाही. एका वाक्यात सगळी मेहनत मातीला मिळाली असं वाटतं. पण कचाचं उत्तर बघ. मला नाही फळली तरी मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. रडणं नाही, विनवणी नाही. त्याच्या हातात जी विद्या आता निरुपयोगी होती, ती त्याने दुसऱ्याच्या हातात ठेवायचं ठरवलं. देवयानीचं दुःखही मला खोटं वाटत नाही. तिनेच तर बापाकडे हट्ट धरून त्याला पुन्हा पुन्हा जिवंत करवलं होतं. तरीही या उत्तरासाठी मी कचाच्या बाजूचा.

याच्या नेमकं उलट ग्रीक पुराणातल्या कॅसँड्राचं, ट्रॉयच्या राजकन्येचं. अपोलोने तिला भविष्य दिसण्याचं वरदान दिलं आणि तिने त्याला झिडकारल्यावर तिच्या बोलण्यावर कुणाचाच विश्वास बसणार नाही असा शाप दिला. ट्रॉय जळणार हे तिला दिसत होतं. तिच्या शक्तीत तसूभरही खोट नव्हती, फक्त ऐकणारा एक माणूस हवा होता. कचाला निदान शिष्य मिळू शकत होता. तिला कुणीच नाही. तिची गोष्ट मला अजूनही एका बैठकीत वाचवत नाही.

म्हणून डगला सोबत कशाला घ्यायचं असं तू विचारलंस तेव्हा मला लागलं. सोबत घेतलं नसतं तर त्या बेटाशी बोलायची वेळ त्याच्यावर आलीच नसती.

मागे तू विचारलं होतंस की यांतली एक शक्ती घ्यायची झाली तर कोणती. तेव्हा मी उत्तर टाळलं होतं. आज सांगतो: दगड होण्याची. त्या मुलाला त्याचे मित्र उचलून न्यायचे आणि वरून शत्रूवर सोडायचे. माझ्या बाबतीत उचलण्याचं काम तुझ्याकडे. तुझी शक्ती कोणती ते पुढच्या पत्रात कळव, आणि कारणासकट कळव.

तुझाच,
मित्र