रूट कॅनालनंतरची कॅप 'जमेल तेव्हा' नको

महोदय,

दुखणे थांबले की दाताचा उपचार संपला, असा बहुतेकांचा समज असतो. माझाही होता, आणि त्यापायी मी एक दाढ कायमची गमावली. खालच्या दाढेचे रूट कॅनाल झाले, ठणका थांबला, पोकळी भरली गेली आणि 'पुढे जमेल तेव्हा कॅप बसवून घ्या' एवढेच मला निघता निघता सांगण्यात आले. ते 'जमेल तेव्हा' ८ महिने जमले नाही. एके रात्री जेवताना अगदी मऊ घास चावत असताना कट् असा आवाज झाला. दुखले काहीच नाही, पण आरशात पाहिले तर दाढ मधोमध उभी चिरली होती आणि जिभेकडचा अर्धा भाग बोटाने हलत होता. चीर हिरडीखाली मुळात उतरलेली असल्याने दाढ काढण्यावाचून इलाज उरला नाही.

रूट कॅनालमध्ये दाताच्या आतली नस काढल्यामुळे दात वाळतो आणि म्हणून तुटतो, असे सर्रास बोलले जाते. पण मुख्य कारण बांधणीचे आहे. किडीने आधीच दाढ पोखरलेली असते आणि मुळांपर्यंत पोहोचण्यासाठी तिचे छतही उघडावे लागते. मग उरतात त्या पातळ भिंती, आणि प्रत्येक घासागणिक चावण्याचा दाब या भिंतींना बाहेरच्या बाजूस फाकवत राहतो. आत भरलेले सिमेंट पोकळी बुजवते, भिंतींना आवळून धरत नाही. ते काम कॅपचे, लाकडी चाकावरची लोखंडी धाव करते तसे. अर्थात, प्रत्येक दाताला कॅप हवीच असे नाही. समोरच्या दाताचा थोडाच भाग गेला असेल तर बऱ्याचदा नुसते भरणे पुरते आणि काही दाढांना फक्त वरचा पृष्ठभाग झाकणारी अर्धी कॅपही चालते. मात्र रूट कॅनाल झालेल्या पोखरलेल्या दाढेबाबत चालढकल करू नये, हे मी अनुभवाने सांगतो.

'चांगला दात घासून लहान कशाला करायचा?' असे विचारणाऱ्यांची भीती मला रास्त वाटते, कारण घासलेले इनॅमल, म्हणजे दाताचे कठीण बाहेरचे आवरण, पुन्हा तयार होत नाही. कॅपला जागा मिळावी म्हणून दाढेचा माथा साधारण दीड ते दोन मिलिमीटर उतरवतात, कडाही तासतात. परंतु हिरडीच्या वर चहूबाजूंनी सुमारे दोन मिलिमीटर पक्का दात शिल्लक असला तरच कॅपची पकड टिकते. उशीर झाला आणि दात हिरडीलगत तुटला, तर नेमका हाच आधार हातचा जातो.

यंदा दुसऱ्या बाजूच्या दाढेला मी वेळेत कॅप बसवून घेतली. या वेळच्या डॉक्टरांनी धातू, धातूवर सिरॅमिक आणि झिरकोनिया (दातासारखे पांढरे, मजबूत सिरॅमिक) या तिन्ही प्रकारच्या कॅपमधला फरक उपचार सुरू करण्यापूर्वीच समजावून सांगितला. माप घेतल्यावर पक्की कॅप येईपर्यंत तात्पुरती कॅप दिली. कॅप सिमेंटने चिकटवण्याआधी त्यांनी दातांमध्ये निळा कागद धरून मला चावायला लावले, उमटलेला एक बारीक ठिपका घासला, पुन्हा चावायला लावले आणि तो फिका होईपर्यंत हे चालू ठेवले. केसभर उंच राहिलेली कॅपही दाढ दुखवते, असे त्यांनी सांगितले. शिवाय कॅपला कीड लागत नसली, तरी तिच्या कडेखालच्या दाताला लागते, म्हणून हिरडीलगत ब्रश आणि दातांच्या फटीत दोरा रोज फिरवायला हवा, हेही त्यांनी आरशात दाखवून शिकवले.

पहिल्या वेळी अशी पाच मिनिटे कोणी दिली असती तर माझी दाढ आज तोंडात असती. चूक माझीही आहे, कारण मी विचारले नाही. पण ठणक्यातून नुकत्याच सुटलेल्या रुग्णाला विचारण्याचे भान नसते. म्हणून आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून दंतवैद्यांना माझी विनंती आहे, की रूट कॅनालचा निर्णय होतो त्याच दिवशी कॅप लागेल की नाही, का लागेल, कोणत्या प्रकारची आणि किती आठवड्यांच्या आत, हे औषधांच्या चिठ्ठीवरच लिहून द्यावे आणि रुग्ण ठरल्या वेळी आला नाही तर त्याला एकदा फोन करावा.

आपला,
एक नियमित वाचक