मोठे पाकीट स्वस्तच असते असे नाही

किराणा खर्च कमी करण्यासाठी ‘शक्यतो मोठे पाकीट घ्यावे’ हा आपल्या पुरवणीतील लेखाचा सल्ला सरसकट पटत नाही. ठरावीक वजनांतच पाकिटे विकण्याचे बंधन केंद्राने पाकीटबंद वस्तूंच्या नियमांतील २०२१च्या दुरुस्तीने काढून टाकले आणि त्याऐवजी पाकिटावर एकक विक्री किंमत, म्हणजे ग्रॅम किंवा किलोमागे पडणारा दर, छापणे सक्तीचे केले. ग्राहकाच्या हाती आलेले हे उत्तम साधन आहे, पण ते वापरणे कठीण करून ठेवले आहे. किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर हा दर ग्रॅममागे, तर त्याहून मोठ्यावर किलोमागे दिलेला असतो. समजा, साडेचारशे ग्रॅमचे पाकीट ९९ रुपयांना आणि सव्वा किलोच्या जरा आतले, म्हणजे १.२ किलोचे, २७० रुपयांना आहे. एकावर ०.२२ रुपये, दुसऱ्यावर २२५ रुपये असे छापलेले असते. लहान पाकीट किलोमागे पाच रुपयांनी स्वस्त आहे, हे घाईत कोणाच्या लक्षात येणार? शिवाय ही अक्षरे इतकी बारीक की ज्येष्ठांना ती वाचताच येत नाहीत. युरोपीय संघाने १९९८ सालीच किलो किंवा लिटरमागचा दर ठळक व सुवाच्य दाखवण्याचा निर्देश दिला. आपल्याकडेही सर्व पाकिटांवर किलो-लिटरचाच दर असावा आणि मोठ्या दुकानांत तो फळीवरच लावणे बंधनकारक करावे.

— एक वाचक, पुणे