नकार तरी कागदावर द्या

प्रति,
मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातले अर्ज बँकेत अडकून पडण्याबाबत.

महोदय,
स.न.वि.वि.

आधीच सांगतो, या पत्रात मी स्वतःसाठी काही मागत नाही. तालुक्याच्या गावी माझं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. गेट, ग्रिल, पत्र्याच्या शेड करतो. आपल्याच खात्याच्या योजनेतून कर्ज घेतलं, अनुदान आलं, हप्ते चालू आहेत. म्हणजे आपल्या अहवालात जो 'यशस्वी लाभार्थी' असतो ना, तो मी.

अडचण इथूनच सुरू होते. एकाचं काम झालं की गावभर कळतं. मग संध्याकाळी वेल्डिंग बंद करायच्या वेळेला कुणीतरी काखेत फाइल घेऊन दारात उभं राहतं आणि विचारतं, "तुमचं कसं झालं?" याचं खरं उत्तर द्यायला मला लाज वाटते. माझा प्रोजेक्ट रिपोर्ट काही जगावेगळा नव्हता. झेरॉक्सच्या दुकानात मिळतो तसाच होता, फक्त नाव आणि आकडे बदललेला. पण त्याच्या दोन वर्षं आधी बँकेच्या त्या शाखेचं कोलॅप्सिबल गेट मी बसवून दिलं होतं. मॅनेजर मला नावानं ओळखायचे. अर्ज हातात घेऊन ते म्हणाले, "अरे तू का, बस." माझं काम त्या 'बस'मध्ये झालं.

ज्यांनी बँकेचं गेट बसवलेलं नाही, त्यांच्याविषयी हे पत्र आहे.

गेल्या हिवाळ्यात एक ताई अशाच आल्या. घरी दोन मशीनवर शाळेचे गणवेश शिवतात, हात सफाईदार. त्यांना चार इंडस्ट्रियल शिलाई मशीन, एक ओव्हरलॉक, एक काज-बटणाचं मशीन आणि कापडासाठी खेळतं भांडवल हवं होतं. सगळं मिळून ८ लाखांचा प्रकल्प. गणवेशाच्या धंद्याचं कॅलेंडर आपल्याला ठाऊक असेलच. शाळांशी बोलणी फेब्रुवारी-मार्चात होतात, एप्रिल-मेमध्ये शिवण चालते आणि जूनमध्ये माल पोचवायचा असतो. जुलैत आलेलं कर्ज या धंद्यात न आल्यासारखंच.

हिशेब मी त्यांना मांडून दाखवला. ग्रामीण भाग आणि महिला, म्हणजे स्वतःचा वाटा ५ टक्के, ४० हजार. बँकेचं कर्ज ७ लाख ६० हजार. अनुदान ३५ टक्के, २ लाख ८० हजार. हे अनुदान हातात पडत नाही, ते कर्ज देणाऱ्या बँकेत ३ वर्षं मुदत ठेवीत राहतं आणि युनिट चालू असल्याची खात्री झाली की कर्जात वळतं होतं. ताईंना हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांची समजूत होती की पैसे खात्यात येणार. बऱ्याच जणांची तशीच असते. केंद्राच्या मुद्रा योजनेच्या बाबतीतही लोक मला विचारतात, "त्यातलं माफ किती होतं?" काही माफ होत नाही. २०१५ साली सुरू झाली तेव्हापासून मुद्रा म्हणजे विनातारण कर्ज, परतफेड पूर्ण. पण भाषणात 'सरकारने कर्ज दिलं' या वाक्याचा सूर असा लागतो की ऐकणाऱ्याला ते दानच वाटतं. हा दोष आमचा कमी आणि माइकचा जास्त.

ताईंचा अर्ज नोव्हेंबरात जिल्हा उद्योग केंद्राकडून बँकेकडे गेला. इथवर तक्रार नाही. उद्योग केंद्रातली माणसं नीट बोलली, कागद पटकन बघितले. पुढचं सगळं ताईंनी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं आहे. तारीख आणि त्यापुढे मिळालेलं उत्तर. 'साहेब ट्रेनिंगला गेलेत.' 'सर्व्हर डाऊन.' 'सोमवारी या.' 'फिल्ड ऑफिसर व्हिजिटला येतील.' 'व्हिजिट झाली, रिपोर्ट लिहायचाय.' 'मार्च एंड आहे.' 'टार्गेट संपलं, नवीन वर्षात बघू.' 'साहेबांची बदली झाली.' 'नवे साहेब फाइल पहिल्यापासून बघतील.'

एका पानावर चौदा नोंदी. त्यात एकदाही 'नाही' हा शब्द नाही.

मधल्या काळात घड्याळ फक्त ताईंच्या बाजूने चालत होतं. फाइलला जागेचा करार लागतो, म्हणून गाळा आधीच भाड्यानं घेतलेला, रिकाम्या गाळ्याचं भाडं सुरू. बँकेनं जीएसटी नंबर मागितला म्हणून तो काढलेला. धंदा नाही, विक्री नाही, तरी शून्याचं विवरणपत्र भरायचं. ते विसरलं की दिवसाला २० रुपये लेट फी. मशीनच्या कोटेशनची मुदत दोनदा संपली आणि दुसऱ्यांदा दुकानदाराने दर वाढवून दिला. सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, तपासलं गेलं, त्याचीही नोंद झाली. कर्ज न घेताच ताईंचा खर्च सुरू झाला होता.

एप्रिलात त्या शाखेत जाऊन म्हणाल्या, "साहेब, होत नसेल तर नाही म्हणून लिहून द्या, मी दुसऱ्या बँकेत जाते." साहेब हसले. म्हणाले, "आम्ही नाही कुठं म्हणतोय?"

महोदय, माझी सगळी तक्रार या एका वाक्याशी आहे.

नाही म्हटलं तर कारण द्यावं लागतं. कर्ज नाकारलं तर मुख्य कारणं अर्जदाराला लेखी कळवावीत, असं रिझर्व्ह बँकेची न्याय्य व्यवहार संहिता सांगते. अर्ज घेतला की पोच द्यावी, हेही तिच्यातच आहे. लेखी नकार दिला की तो मोजला जातो, जिल्ह्याच्या बैठकीत कुणीतरी त्याबद्दल विचारतं. 'प्रलंबित' मात्र कुणाच्याच अंगाला लागत नाही. त्या रकान्यात फाइल ठेवली की बँकही सुरक्षित, खातंही सुरक्षित. उद्योग केंद्र म्हणतं आम्ही शिफारस केली, बँक म्हणते आमचं चालू आहे. दोघांचंही खरं. भिजत घोंगडं तेवढं अर्जदाराच्या अंगावर.

बँकेची बाजू मला कळत नाही असं नाही. अनुदान सरकारचं असलं तरी कर्ज बँकेचं, म्हणजे ठेवीदारांचं. बुडालं की मॅनेजरला उत्तर द्यावं लागतं. आणि आमच्यातलेही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. मशीनची किंमत फुगवून कोटेशन देणारे दुकानदार आहेत, त्यातला फरक वाटून घेणारे एजंट आहेत, ३ वर्षं बोर्ड लटकवून ठेवायचा आणि अनुदान वळतं झालं की शटर खाली ओढायचं, असं करणारेही मी पाहिलेत. एका गाळ्यावर तर तपासणीच्या दिवशी शेजारून मशीन उचलून आणलेलं होतं. अशा दोन फाइली अंगाशी आल्या की मॅनेजर तिसऱ्याकडे संशयानंच बघणार. मी त्यांच्या खुर्चीत असतो तर मीही बघितलं असतं.

मग बघा ना, आणि काय दिसलं ते लिहा. 'सिबिल कमी आहे', 'या गावात गणवेशाचा धंदा करणारे आधीच पाच आहेत', 'कोटेशन बाजारभावापेक्षा जास्त वाटतं', यातलं काहीही लिहा. माणूस सुधारणा करून परत येईल, नाहीतर दुसरीकडे जाईल. मला एकदा एका गिऱ्हाइकानं तोंडावर सांगितलं, "तुझं वेल्डिंग चांगलं, पण रंग भिकार आहे." वाईट वाटलं, पण त्या आठवड्यातच स्प्रे गन घेतली. स्पष्ट नकाराचा एवढा तरी उपयोग होतो.

तारणाचीही गंमत सांगतो. सूक्ष्म आणि लघुउद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम काही आजचा नाही. बुडण्याची भीती वाटली तर हमी घ्यायला केंद्र सरकार आणि लघुउद्योगांसाठीची बँक सिडबी यांनी मिळून २००० साली ट्रस्टही काढून ठेवला आहे. तरीही ताईंना सातबारा आणायला सांगितलं. "तारण नाही हो, नुसता फाइलला लावायला." सातबारा सासऱ्यांच्या नावावर, सासरे म्हणाले उताऱ्याला हात लावू देणार नाही. त्या घरात दोन दिवस चूल कशी पेटली हे मला ताईंनी सांगितलं नाही, पण चेहऱ्यावर दिसत होतं. नियम कागदावर चोख आहे. काउंटरवर त्याचं काय होतं, ते बघायला कुणी उभं नसतं.

मंजुरी मिळालेल्यांचं एक वेगळंच दुखणं आहे. कर्ज उचललं की अनुदानाचा दावा बँक पाठवते, तो मंजूर होऊन रक्कम मुदत ठेवीत येते. ठेवीत आल्यावर तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही. पण ती येईपर्यंत? तोवर पूर्ण कर्जावर व्याज. ताईंच्याच आकड्यांनी बोलायचं तर २ लाख ८० हजारांवर वर्षाला ११ टक्के धरले तरी महिन्याला अडीच हजारांच्या वर जातात. सहा महिने लागले तर पंधरा हजार. एका मदतनीस बाईचे महिनाभराचे, दीड महिन्याचे पैसे. माझ्या स्वतःच्या वेळी हा काळ किती लांबला ते सांगत नाही, उगाच कुणाची चौकशी लागायची. पण व्याज मी भरलं आणि उशीर माझा नव्हता.

दिवस मोजणं सरकारला जमत नाही असं मुळीच नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानं खरेदीदाराला आमचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवायला सांगितलं आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं, तेही दरमहा चक्रवाढ व्याज. याच राज्यानं २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा केला. दाखल्याला मुदत, मुदत चुकली तर अपील, अपिलावर अपील आणि वर आयोग. त्या कायद्याच्या कक्षेत बँक येत नाही, हे मला समजतं. आपण बँकेच्या मॅनेजरला हुकूम देऊ शकत नाही, हेही समजतं.

पण जे हातात आहे तेही थोडं नाही. अर्ज आपल्या खात्याच्या पोर्टलवरून जातो. त्या पोर्टलवर 'बँकेकडे प्रलंबित' या दोन शब्दांपुढे किती दिवस, हे अर्जदाराला दिसू द्या. ठरावीक दिवस उलटले की फाइल आपोआप अग्रणी बँकेच्या, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय बघणाऱ्या बँकेच्या, जिल्हा व्यवस्थापकाकडे जाऊ द्या आणि अर्जदाराच्या मोबाइलवर मराठीत संदेश येऊ द्या. 'नाकारला' हे बटण कारण लिहिल्याशिवाय दाबलंच जाऊ नये, आणि कारण म्हणून 'इतर' चालणार नाही असं करा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांची बैठक होते, तिथे आजवर किती मंजूर झाले ते वाचलं जातं. त्याआधी सर्वांत जुन्या दहा फाइली कोणत्या शाखेत पडून आहेत ते वाचायला सांगा. शाखेचं नाव घेऊन. आणि अनुदानाचा दावा आपल्या खात्यात अडकला तर त्या काळाचं व्याज खात्यानं सोसावं. उद्योजकाकडून उशीर झाला की दंड, खात्याकडून झाला की 'प्रक्रिया सुरू आहे', हे बरोबर दिसत नाही.

यातल्या कशालाही नवी योजना लागत नाही. नव्या योजनेची घोषणा तर कृपा करून नकोच. आत्ता आहेत त्यांचीच नावं लोकांना पाठ होत नाहीत आणि त्या गोंधळावर एजंटांची घरं चालतात. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारदरबारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर पूर्ण फुकट आहे, तरी हुबेहूब दिसणाऱ्या खाजगी साइटवर पैसे भरून आलेली माणसं माझ्याकडे आली आहेत. जिल्हा उद्योग केंद्राच्या दारावर 'उद्यम नोंदणीला एक रुपयाही लागत नाही' एवढी पाटी लावली तरी बरंच भागेल. पाटी मी करून देईन, लोखंडी फ्रेमसकट, बिल लावणार नाही.

ताईंचं पुढं काय झालं ते सांगून थांबतो. जूनमध्ये त्यांनी घरच्याच दोन मशीनवर, रात्री जागून, एका शाळेचे गणवेश पूर्ण केले. दुसऱ्या दोन शाळांची कामं परत केली. गाळा सोडला, अनामत रकमेतून भाडं कापून गेलं. जीएसटी नंबर रद्द करायला टाकलाय, त्याचीही फाइल फिरते आहे. मागच्या आठवड्यात त्यांनी माझ्या मोबाइलवर पोर्टल उघडून बघितलं. अर्ज अजून तिथेच आहे, बँकेकडे प्रलंबित.

त्यांचं नाव मी लिहिलेलं नाही, कारण त्यांना त्याच बँकेत खातं चालवायचं आहे. आपल्या कार्यालयातून कुणी मागितला तर अर्ज क्रमांक त्या द्यायला तयार आहेत.

आपला,
एक लघुउद्योजक