आधी किडनी की आधी कॅन्सर?

तीर्थरूप बाबांस आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

नागपूरचे रिपोर्ट मिळाले. क्रिएटिनिन (किडनी किती थकली ते सांगणारा आकडा) ६.१, कॅल्शियम १२.२, हिमोग्लोबिन ८.४, लॅम्ब्डा लाइट चेन ४,२००. काका म्हणतात, "आधी किडनी सुधारू द्या, मग किमोचं पाहू." त्यांचा जीव तुटतो म्हणून ते बोलतात, पण मायलोमात, म्हणजे बाबांना झालेल्या अस्थिमज्जेच्या कॅन्सरमध्ये, हा सल्ला उलटा पडतो.

बाबा, तुम्ही ठिबक वापरता, म्हणून त्याच्याच भाषेत सांगते. विहिरीतून गाळ येत असेल तर नळ्या कितीदा धुतल्या तरी पुन्हा तुंबतातच. अस्थिमज्जेतल्या बिघडलेल्या पेशी लाइट चेन नावाचं अर्धवट प्रथिन सारखं सोडत असतात. ते किडनीच्या बारीक नळ्यांत उतरतं, तिथल्या प्रथिनाला चिकटतं आणि त्याचे बोळे बसतात. रक्तातलं प्रमाण ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर गेलं की हा धोका वाढतो, आणि तुमचं ४,२०० आहे. डायलिसिसने युरिया, पोटॅशियम आणि साचलेलं पाणी निघतं, गाळ मात्र येतच राहतो. तो थांबवते किमो. म्हणून इथे किडनीचं खरं औषध म्हणजे कॅन्सरचंच औषध. ते जितक्या लवकर सुरू होईल तितकी किडनी परत येण्याची आशा जास्त, आणि ती परत यायलाही कधी कधी महिने लागतात. महागडं प्लाझ्मा बदलणं कुणी सुचवलं तर शेत गहाण टाकू नका. अभ्यासांत त्याचा ठाम फायदा दिसलेला नाही. रक्त फार घट्ट झालेलं असेल तर गोष्ट वेगळी.

गावच्या लॅबमध्ये लघवीत प्रोटीन 'निल' आलं म्हणून खूश होऊ नका. ती पट्टी अल्ब्युमिन पकडते, लाइट चेन तिला दिसत नाही. पहिल्या तीन-चार आठवड्यांनी रक्तातली लाइट चेन तपासणी पुन्हा करायची, औषध लागू पडतंय का ते तिच्यावरूनच कळतं.

बोर्टेझोमिब हे किमोतलं, पोटाच्या कातडीखाली द्यायचं इंजेक्शन आहे. बहुतेक आठवड्यातून एकदा देतात, काही डॉक्टर सुरुवातीला दोनदा. किडनी कमजोर म्हणून त्याचा डोस कमी करावा लागत नाही, डायलिसिसच्या दिवशी मात्र ते डायलिसिस झाल्यावर देतात. पायाला मुंग्या आल्या, चपलेचा स्पर्श कळेनासा झाला, तर त्याच आठवड्यात सांगायचं. उशीर झाला की ते सहज भरून येत नाही. नागीण होऊ नये म्हणून असायक्लोविर चालू राहील, पण त्याचा डोस किडनीच्या हिशेबाने ठरतो, दुकानदाराच्या नाही. पुढे कधी लेनालिडोमाइड हे मायलोमाचं दुसरं औषध दिलं तरी त्याचंही तसंच.

आई, डेक्सामेथासोनचं, म्हणजे किमोबरोबरच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांचं, तू बघ. चिठ्ठीवर आठवड्यातून एकदा २० मिलिग्रॅम लिहिलंय, म्हणजे ४ मिलिग्रॅमच्या पाच गोळ्या एकाच वेळी. पाच गोळ्या पाहून भीती वाटते आणि लोक रोज एक घेऊन टाकतात. तसं करू नका. बुधवारी सकाळी, काहीतरी खाऊन, पाचही. त्या रात्री बाबांना झोप लागणार नाही, चिडचिड होईल, साखर चढेल. ग्लुकोमीटरने बुधवारी आणि गुरुवारी साखर बघ.

सगळ्यात मोठा शत्रू कंबरदुखीची सुई आहे. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड यांतलं काहीच नको, पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत मिसळलेलंही नको. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचून घ्या. नुसतं पॅरासिटामॉल ५०० चालतं, सहा तासांच्या अंतराने, पण आधी ताप मोजायचा, नाहीतर गोळीखाली ताप झाकला जातो. १००.४ फॅरेनहाइटच्या वर ताप गेला तर रात्र काढू नका, लगेच निघा. पायांत जोर राहिला नाही किंवा लघवी अडली तर मणक्याची नस दाबली गेलेली असू शकते, तेव्हाही त्याच दिवशी. जेन्टामायसिन, अमिकासिनसारखी इंजेक्शनं आणि सीटीसाठी रंगाचं औषध देण्याआधी "किडनी खराब आहे" हे तुम्हीच बोला. काढा, भस्म, चूर्ण, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या आणि ग्रीन टी बंद. कॅल्शियमची गोळीही डॉक्टर सांगेपर्यंत नाही. रक्तात कॅल्शियम वाढलं की तहान फार लागते, पोट साफ होत नाही, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो, आणि किडनी आणखी सुकते.

पाण्याचं नीट ऐका. पायांवर सूज नसेल, धाप लागत नसेल आणि लघवी चांगली होत असेल तर दिवसाला तीन लिटर, दर तासाला थोडं थोडं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो, घामाचं पाणी वेगळं. मापाचं भांडं ठेवा आणि लघवी मोजून लिहा. ती अर्ध्या लिटरच्या खाली आली तर हा नियम उलटतो. तेव्हा कालची लघवी अधिक अर्धा लिटर एवढंच पाणी, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. पाणी काढायची गोळी स्वतःहून घेऊ नका, तिनेही नळ्या तुंबायला मदत होते.

पोटॅशियम ५.५ च्या वर आलं तर संत्री, केळी, नारळपाणी बंद. बटाटा, पालेभाजी उकळून पाणी फेकायचं. वरुडची संत्री घरात असताना हे अवघड आहे, मला ठाऊक आहे. लो सोडियम मीठ आणू नका, त्यात पोटॅशियमच असतं. बीपीसाठी चांगलं म्हणून ते विकतात, इथे ते विष ठरेल.

डायलिसिस लागलंच तर तूर्त मानेत नळी बसवतील. ती ओली होऊ द्यायची नाही, आणि थंडी वाजून ताप आला तर नळीचा संसर्ग समजायचा. बाबा, तुम्ही उजव्या हाताने लिहिता, म्हणून डाव्या हातातून आजपासून रक्त काढू देऊ नका, सलाइन लावू देऊ नका. पुढे फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडणं) करावा लागला तर त्याच शिरा लागतील, आणि तो वापरायला तयार व्हायलाच काही आठवडे ते महिने लागतात.

महात्मा फुले योजनेत किमो आणि डायलिसिस दोन्ही बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाला भेटा, पैसे भरण्याआधी. एसटीत तुम्हा दोघांचंही अर्धं तिकीट आहे, बाबांचं वयामुळे आणि आईचं बाई म्हणून.

बुधवारच्या गोळ्या झाल्या की वजन, लघवी आणि साखर यांचा कागद फोटो काढून पाठवा. आकडे लिहिताना तारीख विसरू नका.

तुमची लेक